थडगी सोडून घर

दाजीपंतांना चावडीची पायरी चढताना पाहिलं की आमचे दिवाणजी पानदान जवळ ओढत. तोंडात विडा असला म्हणजे माणसाला बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही. दाजीपंत समोर बसत, उपरण्याने कपाळ टिपत आणि विचारत, "काय ठरलं?" दिवाणजी मान हलवत. ती मान होकाराची की नकाराची, हे साक्षात ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग दाजीपंत म्हणत, "बरं. उद्या येतो." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच येत.

मी त्या वेळी पुण्याच्या कोतवाल चावडीत कारकून होतो. राहायला दाजीपंतांच्या शेजारीच, बुधवार पेठेत एका सावकाराच्या वाड्यात भाड्याने. दिवसा ते माझ्यासमोर सरकारकडे दाद मागत आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याच सरकारचा उद्धार करताना ऐकू येत. उद्धार म्हणजे काय, "कमाल आहे!" एवढाच. त्यापलीकडची शिवी त्यांना येत नव्हती. तोफखान्याच्या कोठीवर जन्म काढूनही येत नव्हती, ही खरी कमाल.

कोठीवर ते दारूगोळ्याचे कारकून होते. तिथली त्यांची एक गोष्ट त्यांचे जुने सोबती रंगवून सांगत. एका स्वारीत छावणीतल्या गवताच्या गंजीला आग लागली आणि वारा दारूच्या गोण्यांकडे. सरदार ओरडले, "गोण्या हलवा!" सगळे धावले. दाजीपंत मात्र दौत-लेखणी पुढे करून उभे. म्हणाले, "हुकूम लेखी द्यावा." सरदारांनी त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढत धावता धावता दोन ओळी खरडल्या. चिठ्ठी कमरेला खोचली आणि मग त्या किरकोळ माणसाने अशा गोण्या वाहिल्या की हमाल बघत राहिले. हात भाजले त्याच्या खुणा शेवटपर्यंत होत्या. मी एकदा विचारलं, "आणि सरदारांनी चिठ्ठी दिली नसती तर?" ते म्हणाले, "तर मी तिथंच उभा राहिलो असतो." मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही.

तर हा असला माणूस. नोकरी सुटल्यावर त्यांनी नागझरीच्या ओढ्यापलीकडे नव्या पेठेत घरासाठी जागा घेतली. घराची हौस त्यांची नव्हे, त्यांच्या बायकोची, उमाकाकूंची. काकूंचा सगळा संसार दुसऱ्याच्या छपराखाली झाला होता. हौदावर पाणी भरायचं तर आधी सावकारीणबाईंचं भरून व्हायचं. अंगणात सांडगे घालायचे तर विचारून घालायचे, आणि घातल्यावर त्यावरून सावकारीणबाईंचं मांजर चालत जाणार, हे धरूनच चालायचं. काकू म्हणत, "मला काही चौसोपी वाडा नको हो. दार लावून घेतलं की ते दार आपलं असावं, एवढंच." त्यांचा एकुलता एक मुलगा उत्तरेच्या स्वारीत गेला होता आणि परत आला नव्हता. कुठं पडला, कसा पडला, कुणी सांगू शकलं नाही. त्यानंतर काकूंनी देवाकडेसुद्धा काही मागितलं नाही. हे एक घर तेवढं मागत होत्या.

नव्या पेठेचे शेटे म्हणजे पेठ वसवायचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ. त्यांनी जागेचा कौल, म्हणजे लेखी करार, दिला, त्यात अट एकच. ठरल्या मुदतीत घर उभं राहिलं पाहिजे, नाहीतर जागा पेठेकडे परत.

पाया खणायला गवंडी गेला. निवडुंग तोडला आणि खाली दगड लागले. लांबट, घडीव, जमिनीत अर्धे रुतलेले. चार मोठे आणि त्यांच्या पायथ्याशी एक हातभर लांबीचा, लहानसा. अक्षर नाही, खूण नाही, नक्षी नाही. पण थडगी होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. गवंडी कुदळ खांद्यावर टाकून म्हणाला, "पंत, काय करायचं? उपटू का?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, उपट. अर्ध्या पुण्याने हेच केलं आहे. दाजीपंत शेट्यांकडे गेले.

शेटे हसले. "अहो दाजीपंत, उपटून टाका. या पेठेत हाडं नाहीत अशी जागा मला दाखवा, मीच घेतो."

"तसा हुकूम आहे?"

"हुकूम कशाला लागतो?"

हे वाक्य शेट्यांनी उच्चारायला नको होतं. त्या दिवशी दाजीपंतांच्या डोक्यात जे शिरलं ते पुन्हा निघालं नाही. जागा माझी, कबूल. पण जागेत झोपलेली माणसं माझी नाहीत. मग त्यांना उठवण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि नाही दिला, तर त्यांना सांभाळण्याचा हुकूम तरी कुठे आहे? हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण कुणीतरी म्हणा.

आता पुण्यात राहून त्यांना एवढं कळायला हवं होतं की सरकारला प्रश्न विचारायचा नसतो. सरकारला नजराणा द्यायचा, मुजरा करायचा, वेळ पडली तर फसवायचंही. पण प्रश्न? मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही चावडीत बसता आणि असं बोलता? कमाल आहे!"

ते काजींना घेऊन आले. काजी सज्जन गृहस्थ, उन्हातून चालत आले, दगडांभोवती दोनदा फिरले. म्हणाले, "आमच्यात माणसाला उत्तर-दक्षिण ठेवतात. ही तिरपी आहेत. जमीन सरकून झाली असतील, किंवा आमची नसतील. आमची आहेत असं म्हणवत नाही, नाहीत असंही म्हणवत नाही." पाणी पिऊन ते गेले. मग गोसाव्यांच्या मठात विचारलं. ते म्हणाले, आमच्यात बसवून समाधी देतात, लांब दगड आमचा नव्हे. शेवटी एक शास्त्रीबुवा आले. त्यांनी दगडांकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "वास्तूच्या जागेत हाड निघालं तर ते शल्य. शल्य काढून टाकावं, भूमी शुद्ध करावी, मग पाया घालावा. शास्त्रात स्पष्ट आहे."

"आणि काढलेलं शल्य टाकायचं कुठे?"

"ते शास्त्रात नाही."

"मग शास्त्रीबुवा, तुमच्या परसात टाकतो," दाजीपंत म्हणाले. शास्त्रीबुवा दक्षिणा न घेता गेले, यावरून ते किती रागावले होते याची कल्पना यावी.

त्यानंतर दाजीपंत आमच्या चावडीवर आले. तो दिवस मला आजही लख्ख आठवतो, कारण दिवाणजींना निरुत्तर झालेलं मी त्याच दिवशी काय ते पाहिलं. दिवाणजींनी नेहमीप्रमाणे उडवून लावलं. "थडग्यांचा वारस कोण?"

"कुणी नाही."

"वारस नाही, फिर्यादी नाही. मग चावडीचा संबंध काय?"

त्याच दिवशी सकाळी एक परदेशी व्यापारी धर्मशाळेत वारला होता आणि आमच्या शिपायांनी त्याचं तट्टू आणून अंगणात बांधलं होतं. त्याची भांडीकुंडी ओसरीवर पडली होती. दाजीपंतांनी तिकडे बोट केलं. "हे तट्टू कुणाचं?"

"बेवारशी आहे. सरकारजमा."

"आणि ती घागर?"

"तीही सरकारजमा."

"बरं. मेलेल्याला वारस नसला की त्याचं तट्टू सरकारचं, घागर सरकारची, पागोटंसुद्धा सरकारचं. मग हाडं तेवढी माझी कशी?"

चावडीत सगळे माना खाली घालून हसले. दिवाणजी हसले नाहीत. त्यांनी पान तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि मला म्हणाले, "लिहा. हुजुरातून हुकूम येईपर्यंत जागा आहे तशी ठेवावी. खणू नये, बांधू नये." दाजीपंतांना वाटलं आपण जिंकलो. मला लिहितानाच कळलं की पंत आता लटकले. कारण हुजुरात, म्हणजे थेट दरबारात, असल्या प्रश्नाला कोण हात घालणार? तिकडे स्वाऱ्या, तह, सरदारांचे रुसवेफुगवे. नागझरीपलीकडच्या चार दगडांसाठी तिथं कोण बसलंय?

एका बाजूला चावडी म्हणे, बांधू नका. दुसऱ्या बाजूला शेटे म्हणत, मुदतीत बांधा नाहीतर जागा सोडा. दोन्ही सरकारचेच. दाजीपंत शेट्यांना चावडीचा हुकूम दाखवत, शेटे म्हणत, "तो कोतवालीचा. आमचा कौल वेगळा." चावडीवर येऊन कौल दाखवत, दिवाणजी म्हणत, "तो पेठेचा. आमचा हुकूम वेगळा." माझी चिडचिड व्हायची, रात्री जेवण जायचं नाही. मी बायकोला म्हणायचो, या सरकारला एक तोंड दिलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणायची, "एकच असतं तर तेही पानाने भरलेलं असतं."

मुदत संपत आली तेव्हा दाजीपंतांनी जे केलं त्यावर पुण्याने बरेच दिवस करमणूक केली. त्यांनी सुताराकडून दाराची चौकट करवून घेतली, चांगली सागवानी, आणि थडग्यांपासून लांब, रस्त्याच्या कडेला ती नुसतीच उभी केली. खाली दगडी उंबरठा. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. खणलं नाही, भिंत घातली नाही म्हणून चावडी गप्प. दार उभं राहिलं म्हणजे घर उभं राहायला लागलं, म्हणून शेटेही गप्प. मोकळ्या माळावर एक दार आणि दाराच्या दोन्ही बाजूंना आभाळ. लोक मुद्दाम बघायला जायचे. एका टवाळाने विचारलं, "पंत, आत येऊ का?" दाजीपंत म्हणाले, "चपला बाहेर काढून या."

उमाकाकूंनी मात्र ते दार मनापासून आपलं मानलं. त्या दर दोन दिवसांनी बुधवारातून चालत तिथं जायच्या, उंबरठा पुसायच्या, पुढे सारवून रांगोळी काढायच्या. एकदा मी त्या बाजूला गेलो होतो तर काकू उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या, भर उन्हात, जणू आत वरण उकळत आहे. मला म्हणाल्या, "या. बसा. इथं कुणाला विचारावं लागत नाही." मग उठून तांब्या घेऊन दगडांकडे गेल्या आणि प्रत्येकावर थोडं थोडं पाणी घातलं. लहान दगडापाशी वाकून त्यांनी आजूबाजूचं गवत उपटलं. मी विचारलं, "हळदकुंकू नाही वाहत?" त्या म्हणाल्या, "कुणाला काय चालतं, ठाऊक नाही. पाणी सगळ्यांना चालतं."

लोकांनी अर्थातच अर्थ लावला. मुलगा असाच कुठं परमुलखात पडला, म्हणून नवराबायकोला या दगडांचा एवढा कळवळा. वाड्यातही हेच बोलत, आवाज हळवा करून बोलत. मीही एकदा दाजीपंतांपाशी तसं काही बोललो. त्यांचा चेहरा असा लाल झाला की मी घाबरलो. "मुलाचा काय संबंध? मुलगा घरी असता तर मी ही थडगी उकरली असती का? दुःख झाल्याशिवाय माणसाने सरळ वागू नये असा काही नियम आहे तुमच्या चावडीत?" मला त्यांचा राग आला नाही. ज्यांनी ज्यांनी हळवे होऊन मान हलवली होती आणि एकही काम केलं नव्हतं, त्या सगळ्यांचा आला.

त्या पावसाळ्यात काकूंना ताप आला. वैद्यांनी काढे दिले, सावकारीणबाईंनी अंगारे आणले. शेवटच्या दिवसांत काकूंना वाटायचं की आपण नव्या घरात आहोत. दाजीपंतांना म्हणायच्या, "अहो, दार लोटून घ्या ना, वारा येतोय." ते उठून सावकाराच्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. काकू गेल्या त्या तिथेच, भाड्याच्या छपराखाली. हुजुरातून काही आलं नव्हतं. मी चावडीत रोज विचारत होतो आणि दिवाणजी रोज पान लावत होते. मी नोकर माणूस, पण त्या दिवशी ते पानदान उचलून नागझरीत फेकावं असं माझ्या मनात आलं होतं.

दाजीपंत सुतकात घरी बसले. तेवढे दिवस जागेकडे कुणी फिरकलं नाही. पलीकडच्या जागेत एका बड्या सरदाराच्या कारभाऱ्याची पागा बांधून होत आली होती. कारभाऱ्याने कुणाला काही विचारलं नाही. माणसं लावली, पाचही दगड उचलले आणि घोड्यांच्या पाण्याच्या हौदाला पायरी म्हणून बसवले. निवडुंगाची मुळं काढून जमीन सारखी केली आणि आपल्या गाड्या उभ्या करायला वापरायला लागला.

दिवसकार्य आटोपून दाजीपंत तिथं गेले आणि तिथून थेट चावडीवर आले. डोईचं क्षौर ताजं होतं, पागोटं सैल बसत होतं. आवाज मात्र नेहमीसारखाच. "थडगी चोरीला गेली. फिर्याद लिहून घ्या."

दिवाणजींनी कारभाऱ्याचं नाव ऐकलं आणि पानदान ओढलं. "थडगी तुमची होती का?"

"नाही."

"मग तुमचं काय गेलं?"

"सरकारचं गेलं. बेवारशी म्हणजे सरकारजमा. याच जागी ठरलं होतं."

"ठरलं नव्हतं. हुजुरातून हुकूम यायचा होता. आला नाही, तोवर ती सरकारची कशी?"

"म्हणजे माझी नाहीत, सरकारची नाहीत, त्यांची स्वतःची तर नाहीतच. मग मी वर्षभर कुणाची राखण केली?"

दिवाणजींनी मान हलवली. या वेळी दाजीपंत "उद्या येतो" म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेखणी उचलली होती, दिवाणजींनी डोळ्यांनी ती खाली ठेवायला लावली. दाजीपंत उठले, उपरणं झटकलं आणि पायऱ्या उतरून गेले. ज्याने विचारलं त्याची जागा वर्षभर अडकून पडली आणि ज्याने विचारलं नाही त्याची पागा उभी राहिली. याला काय म्हणावं? मला तरी कमालच म्हणावंसं वाटतं, दुसरा शब्द सापडत नाही.

आणि मग, जशी आपल्याकडे रीतच आहे, हुकूम आला. दिवाळीनंतर, दुसऱ्या कुठल्याशा पन्नास कागदांबरोबर. काय वाचून, कुणाच्या मनात दया येऊन तो निघाला, ठाऊक नाही. पण हुकूम चांगला होता, खरंच चांगला होता. कुणाच्या खासगी जागेत जुनं थडगं निघालं, मग ते कोणत्याही जातीचं असो आणि त्यास वारस असो वा नसो, तर ते आहे तिथेच राहू द्यावं. त्यावर नांगर, कुदळ लावू नये. जागेच्या मालकाने थडगी सोडून घर बांधावं. कुणी दिवा लावायला आलं तर अडवू नये. दिवाणजींनी वाचून माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "देऊन या त्यांना. संपलं एकदाचं."

मी घरी गेलो तर दाजीपंतांच्या खोलीला कडी. ते जागेवर गेले होते. मी तसाच नागझरी ओलांडून गेलो. कारभाऱ्याच्या गाड्या त्यांनी स्वतः हुज्जत घालून काढायला लावल्या होत्या म्हणे. मी हुकूम दिला. त्यांनी तो उभ्याने वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, फाडतील. किंवा हसतील तरी. त्यांनी घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाले, "बोलवा गवंड्याला."

दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा गवंडी दोरी आणि खुंट्या घेऊन उभा होता. दाजीपंत मोकळ्या जमिनीत उभे होते. दगड गेले होते, पण माणसं खालीच होती, आणि आता वर काहीच खूण नव्हती. जमीन तळहातासारखी सारखी झालेली. दाजीपंत एके ठिकाणी जायचे, पायाने माती चाचपायचे, म्हणायचे, "ही मोठी. इथं." गवंडी खुंटी मारायचा. असं करत चार मोठी झाली. लहान राहिलं.

"ते पायथ्याशी होतं," मी म्हणालो.

"पायथ्याशी कुठं? डावीकडे की उजवीकडे?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "हिला ठाऊक होतं. ही दर वेळी तिथं वाकायची. मी कधी नीट बघितलंच नाही."

मलाही सांगता आलं नाही. गवंडी म्हणाला, "पंत, हितं धरू का?" दाजीपंतांनी मान डोलावली, मग नाही म्हणाले. "अजून थोडं सोड." खुंटी हातभर मागे गेली. तिथून दाजीपंत चार पावलं उजवीकडे गेले, वाकले, मातीवर हात ठेवला. "इकडेही असेल. इकडचंही सोड." दोरी पुन्हा सरकली. स्वयंपाकघर गेलं. मग देवघर गेलं. गवंड्याने पागोटं काढून डोकं खाजवलं. "अवो पंत, समदंच सोडाया लागलात. मंग घर कुटं बांदायचं?"

दोरीच्या आत जेमतेम एक खोली उरली होती. बुधवारातल्या भाड्याच्या खोलीहून लहान. दाजीपंतांनी ती पाहिली. मग पुन्हा त्या सपाट मातीकडे पाहिलं, खुंटी उपटली आणि आणखी वीतभर मागे रोवली.

"नसेलही तिथं," ते म्हणाले. "पण असलं तर?"